ते हेड कुठाय, साहेब?

दत्तात्रय मारोती गव्हाणे, राहणार काचीगुडा, हैदराबाद, धंदा डिझेल गाड्यांच्या इंजिनांची हेडं दुरुस्त करणं. गेल्या गणपतीत, पाचव्या दिवशी, संध्याकाळची आरती संपल्यावर आणि प्रसादाची ताटं फिरायच्या आधी, या माणसावर आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये अन्याय झाला. करणारे मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव लोहगावकर. बघणारे तुम्ही. ही पुरवणी ज्या घरांत जाते त्यांतली बरीचशी घरं त्या संध्याकाळी तिथे होती, म्हणून मी ही आठवण इथेच लिहितेय, दुसरीकडे कुठे नाही.

काय झालं ते आधी सांगते, कारण तुम्ही विसरला असाल. लोहगावकरांनी माईक हातात घेतला. पुण्याहून इथे नोकरीला आलेला सलील नावाचा मुलगा दवाखान्यात आहे, असं ते म्हणाले. त्याच्या जुन्या डिझेल गाडीचं इंजिन नागार्जुनसागरच्या रस्त्यावर तापलं, उकळतं पाणी अंगावर उडालं, मान आणि छाती भाजली, एका डोळ्याचं काय होईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. गाडीचं हेड दत्ताकाकांनी बसवलेलं होतं, असंही ते म्हणाले. मग आवाज मऊ केला. वय झालं की हात थरथरतो, माणूस आपलाच आहे, तेव्हा बाप्पासमोर आपण सगळे मोठ्या मनाने त्यांना माफ करू या. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. माणसाला न विचारता त्याला गुन्हेगार ठरवलं आणि त्याच दमात माफही केलं, आणि त्या औदार्यावर टाळ्या पडल्या.

दत्ताकाका, माझे सख्खे काका, मागच्या बाजूला उभे होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पाण्याने बसवलेला भांग. पाचव्या दिवसाची आरती आमच्या घराण्याची असते, म्हणून आम्ही सगळे आलो होतो. ते लोहगावकरांकडे बघत नव्हते, आमच्याकडेही नाही. गणपतीच्या मागच्या देखाव्याकडे बघत होते. तिथे थर्माकोलचा कैलास होता, कापसाचा बर्फ होता, निळा दिवा होता. ते त्या कैलासाचा एकेक कोपरा डोळ्यांनी तपासत होते. मग एवढंच म्हणाले, "ते हेड कुठाय, साहेब?"

कुणीतरी फिसकन हसलं. लोहगावकरांनी माईकमध्ये सुस्कारा सोडला. "बघा... आपण काय बोलतोय तेही आता त्यांना कळत नाही." आणि प्रसाद फिरला. मोदक चांगले होते म्हणे.

काका संक्रांतीनंतर गेले. मी त्या दुपारी दिलसुखनगरला कोचिंगच्या पोरांच्या हॉस्टेलांसमोर पत्रकं वाटत होते. भाडं घेतात आणि पाणी देत नाहीत, त्याबद्दलची पत्रकं. हेच माझं काम आहे, कोणी कुणाला नाडलं की ते छापायचं आणि हातात कोंबायचं. फोन ख्वाजाभाईंचा होता. काकांच्या गॅरेजशेजारी त्यांचं हेडाचा तळ घासून सपाट करायचं मशीन आहे, दोघांची जोडी माझ्या जन्माआधीपासूनची. "बेटा, दत्ता गया," ते म्हणाले. मागे त्यांचं मशीन चालूच होतं. नुसतंच फिरत होतं, त्यावर काही लावलेलं नसावं, कारण धातूचा आवाज येत नव्हता... हृदयविकार असं दाखल्यावर लिहिलंय. दाखल्यावर तेवढंच मावतं.

मेलेल्या माणसाला साधा, गरीब, अबोल करायची आपल्याकडे पद्धत आहे. काका तसे नव्हते. अतिशय मिजासखोर होते. खिशात कंगवा, मानेला चंदनाची पावडर, आणि ऑइलने माखलेल्या डांगरीच्या आत रोज धुतलेला पांढरा शर्ट. हैदराबादेत हेडाचं काम जाणणारे दोघेच, दुसरा अजून जन्माला यायचाय, असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. पत्त्यांत उघड लबाडी करत आणि पकडलं तर पत्तेच उधळून देत. माझ्या चळवळीची यथेच्छ टिंगल करत. मी गॅरेजच्या दारात दिसले की पान्याने पत्र्यावर टोला देऊन म्हणायचे, "या लीडर. आज कुणाची वाजवायलात?" देगलूरकडच्या आमच्या गावाहून ते पहिल्यांदा शहरात आले ते ट्रॅक्टरचं फुटलेलं हेड घेऊन, आणि एसटीत शेजारच्या सीटवर हेड ठेवून त्याचंही तिकीट काढलं होतं, कारण कंडक्टरने त्याला सामान म्हटलं ते त्यांना आवडलं नाही. हेड दुरुस्त होऊन गावी परत गेलं. काका गेले नाहीत.

काचीगुडा स्टेशनच्या मागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज. गाडी आली की रुळांचा हादरा पत्र्यात उतरायचा आणि भिंतीवरचे पाने किणकिणायचे. तिथे त्यांच्याकडे यायच्या त्या जुन्या टर्बो डिझेल गाड्या. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही त्यांनीच शिकवलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. खालचा ठोकळा बिडाचा, वरचं हेड अॅल्युमिनियमचं, मधे दोन्ही घट्ट बसवणारं पातळ गास्केट. टर्बोमुळे गाडीला दम येतो आणि उष्णताही तितकीच येते. पाणी कमी पडलं आणि उष्णतेचा काटा लाल झाला, तरी माणूस घर जवळ आहे म्हणून रेटत राहतो. मग हेड वाकतं, नाहीतर दोन व्हॉल्व्हच्या मधे केसाएवढी चीर जाते. वाकलेलं हेड ख्वाजाभाईंच्या मशीनवर सरळ होतं. तशी चीर गेलेलं हेड काकांच्या लेखी मेलेलं असायचं. ती वेल्डिंगने बुजवता येते, वरून घासून चकचकीत करता येते, गाडी काही दिवस छान चालते. मग गरम-थंड, गरम-थंड होत ती परत उघडते, आणि इंजिनाचा जाळ थेट पाण्यात शिरतो. रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याच्या तोंडासमोर त्या वेळी काय असतं, ते सलीलला विचारा.

चीर शोधायची काकांची रीत ठरलेली होती. हेड धुवायचं, घासलेट फिरवायचं, पुसून कोरडं करायचं आणि वरून शाळेतला पांढरा खडू घासायचा. मग गाडीच्या मालकाला स्टुलावर बसवून इराणी चहा पाजायचा. चहा संपेपर्यंत चिरेत मुरलेलं घासलेट वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ आपोआप उमटते. काका त्या रेघेवर कधी बोट ठेवत नसत. मालक स्वतः "दिसली" म्हणेपर्यंत ते भांग पाडत बसत. कुणी घाई केली तर ऐकवायचे, "काटा लाल झाला तवा घाई नव्हती तुम्हाला. आता बसा की."

आणि रेघ दिसली की पुढचा विधी. मेलेल्या हेडावर छिन्नीचे दोन घाव घालायचे, आणि ते मालकानेच घालायचे. खूप वर्षांपूर्वी काकांनी टाकून दिलेली हेडं कुणीतरी भंगारातून उचलून, बुजवून, परत विकली होती. तेव्हापासून हा नियम. पहिला घाव हेडाच्या तळावर, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा आत, जिथून इंजिनाचा धूर बाहेर पडतो त्या भोकाच्या तोंडाशी. तळावरचा घाव कुणीही भरून घासून टाकेल, म्हणून आतला. तिथे काजळी साचते, तिथे कोणी बघत नाही. मालकानेच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मी मारला तर म्हणतील दत्तानं मारलं. त्याचं त्यानं मारलं की झोप लागती त्याला, अन् मला बी." लोक तऱ्हेतऱ्हेचे. कोठी भागातले एक डॉक्टर आधी हेडाला नमस्कार करायचे आणि मग घाव. एका बाईंनी हळदकुंकू वाहिलं होतं. कुणी डोळे मिटून मारायचे, आणि मग घाव भलतीकडेच पडायचा आणि काका शिव्या द्यायचे.

त्या गणपतीआधीच्या उन्हाळ्यात लोहगावकर आपली गाडी ओढून घेऊन आले. त्यांच्या टूरच्या धंद्यातली जुनी गाडी, विकायला काढलेली. घरी ही हकिकत कुणालाच माहीत नव्हती. मला ती ख्वाजाभाईंनी नंतर सांगितली, ते तिथेच उभे होते. खडूवर रेघ आली. लोहगावकरांनी पाहिली आणि "दिसली" म्हणाले. बुजवून द्या, विकायचीच आहे, असं त्यांनी सुचवून पाहिलं. काकांनी नाही म्हटलं, आणि छिन्नी पुढे केली. लोहगावकरांनी दोन्ही घाव घातले. आता एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. अध्यक्ष डावखुरे आहेत. दरवर्षी आरतीला ते डाव्या हाताने ताट धरतात, गुरुजी ते उजव्यात सरकवतात आणि आपण सगळे हसतो. काकाही त्या दिवशी हसले होते. म्हणाले, "साहेब, तुमचा घाव बी उलटा पडतो की. हजारात वळखीन मी."

मेलेलं हेड काका कुणाला देत नसत. भंगारवाल्याच्या भट्टीपर्यंत स्वतः जात. लोहगावकरांना दिलं. का दिलं ते ऐका. लोहगावकर म्हणाले, यंदा मंडळाचा देखावा यंत्रांचा करायचाय, आपल्या पोरांना कळू दे की आपल्या माणसांनी या शहरात हातांनी काय काय उभं केलं. मधोमध हे हेड ठेवू, खाली तुमचं नाव लिहू, दत्ताभाऊ. मंडळाने आजवर काकांना फक्त विसर्जनाच्या ट्रकचं इंजिन बघायला बोलावलं होतं, स्टेजवर कधीच नाही. माणूस मिजासखोर होता हे मी सांगितलंच. नेमकी तिथेच नस सापडली. काकांनी ते हेड तारेच्या ब्रशने घासलं, साबणाने धुतलं, फडक्याने चमकवलं, धुतलेल्या चादरीत बांधलं आणि स्वतः लोहगावकरांच्या गाडीत नेऊन ठेवलं. देवापुढे जायचं म्हणून त्याला आंघोळ घातली... आणि ख्वाजाभाईंना बजावलं, घरी नक्को सांगू, सगळ्यांना तिथंच दिसू दे. आम्हाला फक्त निरोप आला की यंदा पाचव्या दिवशी कुणीही चुकवायचं नाही. ते स्वतःही तोवर मंडळाकडे फिरकले नाहीत. आधी बघितलं तर मजा जाईल म्हणून.

नवं हेड मी आणतो, माझाच माणूस बसवेल, असं सांगून लोहगावकर गाडी घेऊन गेले. नवं हेड कधी आलंच नाही. जुनंच कुठेतरी बुजवलं गेलं, तळ घासला गेला, गाडीवर चढवलं गेलं. आणि सलील आणि मृण्मयी या पुण्याच्या नव्या जोडप्याला गाडी विकताना सांगितलं गेलं, "हेड दत्ताकाकांकडनं बदलून घेतलंय, काचीगुड्याच्या. कुठल्याही मराठी माणसाला विचारा." त्यांनी विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, दत्ताकाकांचं काम आहे ना, डोळे मिटून घ्या. काकांच्या नावावर गाडी विकली गेली.

आता परत त्या पाचव्या दिवशी जा. माईकवर लोहगावकर बोलतायत, आणि काका थर्माकोलच्या कैलासात आपलं हेड शोधतायत. ते तिथे नाही हे दिसल्यावर ते कुठे असेल हे त्यांना त्या क्षणी कळलं. सगळ्या हॉलमध्ये ते दोघांनाच ठाऊक होतं, काकांना आणि लोहगावकरांना. म्हणून तो प्रश्न. तो प्रश्न वेड्याचा नव्हता, त्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता. ख्वाजाभाईंना कुणीही काही विचारलं नाही. का नाही विचारलं, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे.

घरी आल्यावर काकांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं, आणि ख्वाजाभाईंनी घावांची गोष्ट सांगितली. मी तिथल्या तिथे कागद ओढला. सकाळपर्यंत तीन भाषांत पत्रक काढते म्हटलं, काचीगुड्यापासून कोठीपर्यंत भिंती रंगवते. काकांनी पेन काढून घेतलं.

"आधी हेड बघू."

"काका, त्यानं तुमचं नाव विकलं."

"असंल. पण उघडून बघितल्याबगैर मी गाडीबद्दल बोलत नाही, माणसाबद्दल कसा बोलू? दुसरं बी असू शकतं. उघडू, खडू घासू, मग तू छाप. चार रंगांत छाप."

ते हेड बघायला ते सलीलच्या घरी गेले. आयटीवाल्यांच्या वस्तीतल्या त्या उंच इमारतींत, बस बदलत, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. गाडी खाली पार्किंगमध्ये कापडाखाली उभी होती. फक्त वरचं झाकण उघडू द्या, इथेच उघडतो, तुमच्यासमोर, असं ते म्हणाले. सलीलचा भाऊ दारातच होता. त्याने विचारलं, लाज नाही वाटत का? भावाचा डोळा चाललाय आणि तुम्हाला गाडी उघडायचीय? त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं गेलं होतं ते त्याने मानलं. काका मोसंबी वॉचमनकडे ठेवून परत आले.

मग आपले लोक गॅरेज सोडून गेले. एकेक करून नाही, एकदम. तुमच्यातल्या एकाने तर दुसऱ्याच दिवशी आपली गाडी दोरीने ओढून नेली, हेड उघडंच, बोल्ट डिक्कीत टाकून. चादरघाटचे टॅक्सीवाले येत राहिले, तेलुगू मालक येत राहिले, काम कमी पडलं नाही. पण काकांना ते मोजायचंच नव्हतं. त्यांना आपल्या लोकांचं तोंड बघायचं होतं. भाजी बाजारात तुम्ही रस्ता ओलांडलात, ते त्यांनी पाहिलं. आधी पावडर बंद झाली. मग भांग. तपासणीच्या पात्यांचा एक जुडगा असतो, हेड किती वाकलंय ते बघायला, कागदापेक्षा पातळ पाती. त्यातलं सगळ्यात पातळ पातं काका बोटाच्या टोकावर उभं धरायचे आणि बघत बसायचे. हात थरथरतो का, ते. गणपतीनंतर कित्येक दिवस पातं हललं नाही. दिवाळीनंतर हलायला लागलं. त्या माणसाने माईकवर जे खोटं सांगितलं होतं, ते त्याने काकांच्या हाताकडून खरं करून घेतलं. याला मी मृत्यू म्हणायचं आणि हार घालायचा, अशी तुमची अपेक्षा असेल तर माफ करा. नाही करत तर नका करू.

तेराव्याला एक अनोळखी मुलगी आली. जोडे काढून दारातच उभी राहिली. मी मृण्मयी, सलीलची बायको, असं म्हणाली. माझी काकू उठून आत निघून गेली. तिला कुणी बस म्हटलं नाही, तरी ती बोलली. सलीलचा डोळा वाचलाय, नजर धूसर आहे. आणि लोहगावकर सारखे फोन करतात, ती बंद गाडी मी फुकट उचलून नेतो, तुम्हाला डोळ्यासमोर नको. पहिल्यांदा तिला बरं वाटलं, मग बरं वाटेना.

"फुकट काम करणारा माणूस इतका मागे लागत नाही," ती म्हणाली. "काका आमच्याकडे गाडी उघडा म्हणून आले होते. आम्ही उघडू दिली नाही. हे न्यायला इतके उतावीळ आहेत. मला वाटलं... ती तुमच्याकडेच उघडावी."

गाडी क्रेनवर लटकत काचीगुड्याला आली. सलील काळा चष्मा लावून आला. ख्वाजाभाईंनी उघडायच्या आधी हात धुतले आणि काकांची डांगरी खिळ्यावरून काढून अंगात घातली. ती त्यांना पोटावर घट्ट होत होती. सगळं काकांच्या पद्धतीने केलं. हेड उतरवलं, धुतलं, घासलेट, कोरडं फडकं, खडू. दोघांना स्टुलांवर बसवलं, चहा दिला. तळ चकचकीत होता, घाव नव्हताच, तिथे वेल्डिंगचा फिकट डाग होता. चहा संपेपर्यंत त्या डागाच्या कडेने काळी रेघ आली. सलील चष्मा काढून जवळ वाकला आणि म्हणाला, "दिसली." त्याच डोळ्याने बघितली त्याने.

मग ख्वाजाभाईंनी धुराच्या भोकात घासलेटचा बोळा फिरवला, काजळी काढली आणि बॅटरी आत धरली. मग मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकले. आत, तोंडाशी, छिन्नीचा घाव. उलट्या बाजूला कललेला.

"देख दत्ता," ते हेडाशीच बोलले, "तेरा हेड मिल गया." मग सलीलकडे वळले. "ये घाव लोहगावकर साब खुद मारे. उल्टे हात से. मैं बाजू में खडा था."

काकूही त्या दिवशी गॅरेजवर आली होती, तिने आतून ऐकलं. बाहेर येऊन तिने मृण्मयीच्या हातातला रिकामा कप घेतला आणि विचारलं, आणखी घेतेस का.

त्या घावाचे फोटो घेऊन मी लोहगावकरांच्या कोठीच्या ऑफिसात गेले. चांगले बोलले. फार चांगले बोलले. बस बेटा, पाणी घे. फोटो पाहिले, टेबलावर पालथे ठेवले. म्हणाले, हेडं काय, सगळी सारखीच दिसतात, आणि गेलेल्या माणसाचं नाव आता कशाला उकरायचं. मग म्हणाले, मंडळातर्फे शोकसभा घेऊ. काकांचा मोठा फोटो हॉलमध्ये लावू, चंदनाचा हार, तू बोल त्यात, तू छान बोलतेस.

मी म्हटलं, "फोटो नको. गॅरेजला या. ख्वाजाभाई छिन्नी देतील, ती त्या घावात ठेवून दाखवा. बसली नाही तर मी तुमचे पाय धरीन, हॉलमध्ये, माईकवर."

त्यांनी पेन उचललं. डाव्या हाताने. मग त्यांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी ते खाली ठेवलं. "मला मीटिंग आहे," ते म्हणाले. ते आले नाहीत. मी रोज वाट बघितली. ते येणार नाहीत.

काही शहाण्या लोकांनी मला सांगितलंय की कटुता वाढवू नकोस, समाज छोटा आहे, मुलांची लग्नं जमवायची असतात एकमेकांत. सलील आणि मृण्मयी त्यांच्या बाजूने पोलिसांत गेलेत, ते चालेल तसं चालेल. मला कोर्टाचं काही सांगू नका. काकांचं नाव कोर्टात गेलं नव्हतं, मंडळाच्या हॉलमध्ये गेलं होतं, तुमच्यासमोर, प्रसादाच्या आधी. ते तिथेच परत यायला हवं. मला समेट नको आहे. लोहगावकर त्याच जागी उभे राहून तितकेच लहान झालेले मला बघायचेत. याला सूड म्हणतात हे मला माहीत आहे, दुसरा शब्द वापरून मी तुमची सोय करणार नाही.

ते हेड आता गॅरेजच्या फळीवर आहे. शेजारी काकांचा कंगवा, त्यात दोन-तीन पांढरे केस तसेच. ख्वाजाभाई रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी हेड पुसतात, घासलेट फिरवतात, वर खडू घासतात आणि चहा प्यायला बसतात. दोन कप मागवतात. दुसरा कुणासाठी ते मी विचारत नाही. कप रिकामा होईपर्यंत रेघ येते. रोज येते. ज्याला वाटतं त्याने यावं, स्टुलावर बसावं, बघावं. आत बोट घालावं.

यंदाही पाचव्या दिवसाची आरती गव्हाण्यांची आहे. मी ते हेड घेऊन येणार आहे, धुतलेल्या चादरीत, आणि गणपतीपुढे मधोमध ठेवणार आहे, जिथे ठेवायचं कबूल झालं होतं तिथेच. आता तुमचं काम ऐका. ज्यांच्या पोरांना हे वाचता येत नाही त्यांनी वाचून दाखवा, म्हणजे तेही येतील. आरती संपली की लोहगावकर प्रसादाचं ताट घेऊन तुमच्या रांगेसमोर येतील. हात पुढे करू नका. टाळ्या वाजवल्यात ते हात मागेच ठेवा. उभे राहा, आणि काकांनी विचारलं होतं तेच, तेवढंच, त्यांच्या तोंडावर विचारा. उत्तर मिळेपर्यंत बसू नका.